नोंदीबाहेरचे दप्तर : ‘गिट क्लीन’ या आज्ञेचा छोटा इतिहास

१/ वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून माळ्यांवरचे रुमाल सोडवत होते, तेव्हा त्यांची झुंज विस्मरणाइतकीच साफसफाईशीही होती. कोणत्याही यादीत नसलेला कागद घरच्यांच्या लेखी रद्दी असे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. संगणकातील दप्तरांपुढेही पुढे हाच पेच उभा राहिला.

२/ अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यातक्षेत्र १९७३ साली स्थापन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी ‘एससीसीएस’ रचली. प्रोग्रॅमच्या मजकुरातील प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी ही आद्य प्रणालींपैकी एक. तिचे लक्ष एकेका फायलीवर असे.

३/ १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांची ‘आरसीएस’ आली. तिच्या सोबतची ‘आरसीएसक्लीन’ ही आज्ञा लक्षणीय आहे. कामाची प्रत नोंदवलेल्या प्रतीशी तंतोतंत जुळली, तरच ती प्रत पुसली जाई. म्हणजे जे सुरक्षित आहे, तेच काढायचे.

४/ पुढे संपूर्ण प्रकल्प एकत्र सांभाळला जाऊ लागला आणि नोंदीबाहेरच्या फायली नजरेत भरू लागल्या. ‘सीव्हीएस’ त्यांच्यापुढे केवळ प्रश्नचिन्ह लावी. निर्णय माणसाकडे राही.

५/ एप्रिल २००५. लिनक्सच्या विकासकांना ‘बिटकीपर’ विनामूल्य वापरण्याची मुभा संपली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहायला घेतले. २००६ मध्ये पावेल रोस्किन यांची ‘गिट क्लीन’ ही छोटी स्क्रिप्ट त्यात आली. प्रोग्रॅम बांधताना उरलेल्या फायली पुढच्या बांधणीत मिसळल्या की निकाल फसवा ठरतो. म्हणून कोरी जागा हवी असे.

६/ इथे जुना नियम उलटा झाला. ‘गिट क्लीन’ नोंदलेल्या फायलींना हात लावत नाही. ज्यांची दुसरी प्रत गिटकडे नाही, नेमक्या त्याच पुसते. त्या कचरापेटीतही जात नाहीत. गिटचा इतिहास कितीही खोल असो, त्याच्या हाती न सोपवलेले तो परत देऊ शकत नाही.

७/ अनुभवातून कुंपणे उभी राहिली. २००८ च्या १.५.४ आवृत्तीपासून ‘एफ’ हा सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय आज्ञा मूळ रचनेत काहीच पुसत नाही. २०१३ च्या १.८.४ मध्ये विचारून पुसणारा ‘आय’ पर्याय आला. ‘सबव्हर्जन’ने अशी सोय २०१५ मध्ये, १.९ आवृत्तीत, दिली. तोवर लोक स्वतःच्या स्क्रिप्टवर भागवत.

८/ जाणकारांची रीत अशी : आधी ‘एन’ पर्याय, म्हणजे काय पुसले जाईल याची निव्वळ यादी. ती वाचावी, मगच ‘एफ’. नोंद नसलेले फोल्डरही काढायचे असतील तर ‘डी’. धाकट्या लिपीतला ‘एक्स’ मात्र जपून : दुर्लक्षाच्या यादीत मुद्दाम ठेवलेल्या फायलीही तो पुसतो, आणि स्थानिक सेटिंग्ज, पासवर्ड बहुधा तिथेच असतात. मोठ्या लिपीतला ‘एक्स’ केवळ दुर्लक्षाच्या यादीतल्याच फायली काढतो.

९/ हा प्रश्न केवळ सीप्झ किंवा पवईच्या अभियंत्यांचा राहिलेला नाही. मोडी कागदांचे लिप्यंतर आज संगणकावर होते. आठवडाभर खपून केलेले लिप्यंतर आणि चुकून उतरलेली निरुपयोगी फाईल यांत ‘गिट क्लीन’ला फरक दिसत नाही. दोन्ही नोंदीबाहेर, म्हणून दोन्ही रद्दी. राजवाड्यांच्या काळी निदान कुणाला तरी माळ्यावर चढावे लागे.

१०/ उपाय एका आज्ञेइतका सोपा आहे. ‘गिट अ‍ॅड’ म्हणताच फाईल नोंदीत येते आणि ‘गिट क्लीन’ तिला वगळते. कागदाचे मोल दप्तर ठरवत नाही; ते ठरवून त्याची नोंद करणे हे माणसाचेच काम आहे, आणि ते साफसफाईच्या आधी करायचे असते.