पडद्यावरचा जिप्सी, पडद्यामागचा रोमा

पेटलेली शेकोटी, व्हायोलिनचे सूर, हात पाहून भविष्य सांगणारी बाई आणि कुणाचे तरी पळवलेले मूल. युरोप-अमेरिकेच्या चित्रपटात जिप्सी आला की हा सरंजाम बरोबर येतोच. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९०८ साली दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ डॉली'. त्यात एक जिप्सी लहान मुलीला पळवतो आणि पिंपात कोंबतो. गाडीतून पिंप नदीत पडते आणि मुलगी सुखरूप घरी पोचते. सिनेमाला अजून वाचाही फुटली नव्हती, पण जिप्सी म्हणजे चोर हे त्याने तेव्हाच ठरवून टाकले होते.

'जिप्सी' हे नावही दुसऱ्यांनी दिलेले. हे लोक इजिप्तमधून आले, या गैरसमजातून ते पडले. ते स्वतःला रोमा म्हणवतात. जर्मनीतले बरेच जण सिंती. त्यांचे मूळ भारतात आहे, हे त्यांच्या भाषेवरून कळले. पाण्याला 'पानी', नाकाला 'नाख' आणि केसांना 'बाल' म्हणणारी ही भाषा आपल्या कानांना परकी कशी वाटावी?

श्रोतेहो, पडद्यावरच्या या चित्राची किंमत माणसांनी कशी मोजली, हे सांगणारी एक हकिकत आहे.

१९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले. परदेशी पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून शहरातले सिंती आणि रोमा उचलून मार्त्सान येथील छावणीत डांबण्यात आले. त्याच ऑलिंपिकवर लेनी रिफेनश्टाल या दिग्दर्शिकेने जगप्रसिद्ध माहितीपट काढला. पुढे १९४० साली तिने 'टीफलांट' हा कथापट हाती घेतला. कथा स्पेनमधली, पण युद्धामुळे तिकडे जाणे अशक्य झाले. मग बव्हेरियातल्या क्र्युन गावाजवळ स्पॅनिश खेडे उभे राहिले. आता खेड्यात स्पॅनिश वाटतील अशी सावळी माणसे हवीत! ती साल्झबुर्गजवळच्या माक्सग्लान छावणीतून आणली गेली. १९४२ मध्ये स्टुडिओतल्या दृश्यांसाठी मार्त्सानमधून आणखी आणली. सगळी मिळून शंभरावर माणसे, त्यांत कितीतरी लहान मुले. मजुरी त्यांच्या हाती पडली नाही. चित्रण संपले की रवानगी पुन्हा छावणीत. १९४३ मध्ये या छावण्यांतले लोक ऑशविट्झला धाडले जाऊ लागले. चित्रपटात गर्दी म्हणून दिसलेल्यांपैकी अनेक जण तिथे मारले गेले.

'टीफलांट' १९५४ साली प्रदर्शित झाला. ज्यांचे चेहरे पडद्यावर हलत होते, त्यांतले कितीतरी जण तोवर या जगात नव्हते. १९८२ साली निना ग्लाडित्स यांनी माहितीपट काढून वाचलेल्यांना बोलते केले, तर रिफेनश्टालने कोर्टात धाव घेतली. वयाच्या शंभराव्या वर्षी, २००२ मध्ये, तिने मुलाखतीत सांगून टाकले की त्या माणसांपैकी कुणालाही काही झाले नाही. वाचलेल्या एका स्त्रीने आणि कोलोनच्या रोमा संघटनेने कायद्याचा बडगा उगारला, तेव्हा ते विधान तिला मागे घ्यावे लागले.

सगळेच दिग्दर्शक असे नव्हते. १९६७ साली अलेक्सांदर पेट्रोविच यांनी युगोस्लाव्हियात काढलेल्या चित्रपटात रोमा माणसे आपल्याच भाषेत बोलली, आणि कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. रोमा वारसा सांगणाऱ्या टोनी गातलिफ यांचा 'लाचो द्रोम' (१९९३) राजस्थानपासून स्पेनपर्यंत गाण्यांच्या सोबतीने प्रवास करतो.

पण चांगल्या हेतूचा चित्रपट तरी माणसाला कुठवर साथ देतो? बोस्नियातला नाझिफ मुयिच भंगार गोळा करून पोट भरणारा. पत्नीच्या पोटात मूल दगावले. शस्त्रक्रिया तातडीची, पण विमा नाही म्हणून रुग्णालयाने परत पाठवले. डानिस टानोविच यांनी ही बातमी वाचली आणि त्याच कुटुंबाला घेऊन चित्रपट केला. २०१३ मध्ये बर्लिन महोत्सवात मुयिच सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला. त्याच जर्मनीने पुढे त्याला आश्रय नाकारला. गरिबीपायी त्याने ते रौप्य अस्वल विकले आणि २०१८ साली तो वारला.

हे दूरदेशीचे म्हणून आपण सुस्कारा टाकून मोकळे होऊ नये. १८७१ च्या कायद्याने आपल्याकडेही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी गावात चोरी झाली की पहिला संशय पालावरच जातो. भटक्याला पडद्यावर चोर म्हणून पाहून टाळ्या पिटणारा प्रेक्षक थिएटरबाहेर येताना तो संशय बरोबर घेऊनच येतो. पडद्यावरच्या गर्दीतला माणूस कोण होता, त्याचे पुढे काय झाले, एवढे जरी आपण विचारू लागलो, तरी पुढची गोष्ट वेगळी लिहिली जाईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)