दोन इंजिनांचे टर्बोप्रॉप : परवान्यानंतरची परीक्षा

छोटी शहरे विमानसेवेने जोडण्यासाठी आखलेल्या 'उडान' योजनेचा प्रारंभ २७ एप्रिल २०१७ रोजी झाला. सिमला-दिल्ली, कडप्पा-हैदराबाद आणि नांदेड-हैदराबाद या पहिल्या तिन्ही मार्गांवर एटीआर बनावटीची विमाने उडाली. गोव्याच्या 'फ्लाय९१' कंपनीने मार्च २०२४ मध्ये सेवा सुरू केली आणि सिंधुदुर्ग, जळगाव यांसारखी ठिकाणे जोडली, तीही एटीआर ७२-६०० विमानांनीच. सुमारे १,३०० मीटरची धावपट्टी पुरणारे आणि सत्तरच्या आसपास प्रवासी नेणारे विमान लहान विमानतळांना परवडते, हे त्यामागचे साधे गणित आहे.

बाहेर पंखे फिरताना दिसतात म्हणून पुष्कळ प्रवासी या विमानाला जुनाट समजतात. हा गैरसमज आहे. पंखा फिरविणारे यंत्र जेट इंजिनाच्याच जातीचे असते. त्याची बहुतेक शक्ती पंख्याला दिली जाते, एवढाच फरक. वैमानिकासाठी मात्र हा फरक लहान नाही. टर्बोप्रॉप चालविण्याची पात्रता मिळविणे म्हणजे मुख्यतः या पंख्याचे वागणे, विशेषतः एक इंजिन निकामी झाल्यावरचे वागणे, अंगवळणी पाडून घेणे होय.

पहिली पायरी अर्थातच व्यावसायिक वैमानिक परवान्याची. भारतात तो नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देते. वय किमान १८ वर्षे, प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता, हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम व तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचे उड्डाण या त्याच्या प्रमुख अटी. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी ही प्रचलित शैक्षणिक अट असून ती शिथिल करण्याची सूचना २०२५ मध्ये पुढे आली. दोनशेपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःकडे असावी लागतात. त्यात ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला एक लांबचा प्रवासही मोडतो. गोंदियाजवळील बिरसी येथील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था किंवा उत्तर प्रदेशातील फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी ही या शिक्षणाची परिचित केंद्रे आहेत.

यातील बरेच तास एका इंजिनाच्या लहान विमानावर होतात. त्यानंतर दोन इंजिनांच्या विमानाची पात्रता परवान्यावर नोंदवून घ्यावी लागते. ती सामान्यतः पायपर सेनेका किंवा डायमंड डीए-४२ यांसारख्या छोट्या विमानांवर मिळते. केवळ उपकरणांच्या आधारे, म्हणजे बाहेरचे काही दिसत नसताना उडण्याची पात्रताही याच टप्प्यावर घेतली जाते.

दुसरे इंजिन हे अधिकच्या सुरक्षिततेसाठी असते, असे प्रवाशाला वाटते. ते खरे आहे, पण वैमानिकाच्या पायांनी आपले काम चोख केले तरच. उजवे इंजिन बंद पडले की डावे इंजिन विमानाचे नाक उजवीकडे ढकलते. ते सरळ ठेवण्यासाठी डाव्या पायाने रडर दाबून धरावे लागते. वेग एका ठरावीक मर्यादेखाली गेला, तर पूर्ण दाबलेले रडरही अपुरे पडते आणि चालू इंजिनच विमान उलटवू शकते. शिवाय बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहिला, तर तो पसरलेल्या छत्रीसारखा विमानाला मागे ओढतो. म्हणून त्याची पाती वाऱ्याच्या रेषेत, धारेवर वळवावी लागतात. यालाच 'फेदर' करणे म्हणतात. कोणते इंजिन गेले हे ओळखण्याची एक जुनी खूण प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविली जाते : ज्या पायावर जोर नाही, त्या बाजूचे इंजिन गेले.

आता खऱ्या टर्बोप्रॉपकडे. सेनेकाचे वजन दोन टनांच्या आसपास आणि प्रत्येक इंजिन सुमारे २२० अश्वशक्तीचे. एटीआर ७२-६०० उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त २३ टनांचे आणि त्याचे प्रत्येक इंजिन २,४७५ अश्वशक्तीचे. सहा पात्यांच्या पंख्याचा व्यास जवळपास चार मीटर. म्हणूनच अशा प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी 'टाइप रेटिंग' हे स्वतंत्र प्रशिक्षण सक्तीचे आहे. एअरबस ए-३२० वर हजारो तास उडालेला वैमानिकही ते घेतल्याविना एटीआरच्या आसनावर बसू शकत नाही.

टाइप रेटिंगची सुरुवात वर्गात होते. इंधन, विद्युत, हायड्रॉलिक, बर्फरोधक अशा एकेका यंत्रणेचा अभ्यास आणि त्यावर परीक्षा. बर्फाचा भाग कोणीही हलक्याने घेत नाही. एटीआर फार तर २५ हजार फुटांपर्यंत जाते, त्यामुळे जेट विमाने ज्या ढगांच्या वरून जातात, त्या ढगांतून याला पुष्कळदा जावे लागते. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉन येथे पंखांवर साचलेल्या बर्फामुळे एटीआर ७२ कोसळून ६८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर पंखांच्या पुढील कडेवरील, फुगून बर्फ फोडणारे रबरी पट्टे रुंद करण्यात आले.

वर्गानंतर सिम्युलेटर. दोन प्रशिक्षणार्थी, मागे प्रशिक्षक आणि साधारण चार तासांचे एकेक सत्र. एटीआर कंपनीचे मुख्य प्रशिक्षण केंद्र फ्रान्समध्ये तुलूझ येथे आहे. या सत्रांत सर्वाधिक वेळा घडविला जाणारा प्रसंग म्हणजे धावपट्टीवर परत न थांबता येण्याइतका वेग झाल्यावर इंजिन बंद पडणे. एटीआरमध्ये अशा वेळी स्वयंचलित यंत्रणा बंद इंजिनाचा पंखा आपोआप फेदर करते आणि दुसऱ्या इंजिनाची शक्ती २,७५० अश्वशक्तीपर्यंत वाढविते. वैमानिकाने करावयाचे ते इतकेच : विमान सरळ ठेवणे, सुरक्षित उंची गाठणे आणि मगच, दोघांनी एकमेकांकडून खात्री करून घेत, निकामी इंजिनाच्या कळीला हात लावणे. घाई नको, ही या सत्रांतील सर्वांत अवघड शिकवण.

ती न पाळल्याची किंमत तैवानमध्ये दिसली. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून निघालेल्या ट्रान्सएशिया कंपनीच्या एटीआर ७२-६०० च्या उजव्या इंजिनाचा पंखा यंत्रणेतील दोषामुळे आपोआप फेदर झाला. एका इंजिनावर ते विमान परत येऊ शकले असते. कॅप्टनने मात्र चालू असलेल्या डाव्या इंजिनाची शक्ती कमी केली आणि पुढे ते बंदच केले. चूक लक्षात आली, तेव्हा उंची उरली नव्हती. विमान एका उन्नत मार्गाला घासून कीलुंग नदीत पडले. ५८ पैकी ४३ जण दगावले. याच कॅप्टनच्या आधीच्या प्रशिक्षणात, उड्डाणाच्या क्षणी इंजिन बंद पडण्याच्या प्रसंगातील कच्चेपणाची नोंद झाली होती, हे चौकशीत उघड झाले. प्रशिक्षकांचे शेरे कागदावर राहिले, ही या अपघातातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब म्हणावी लागेल.

नेपाळमधील पोखरा येथील १५ जानेवारी २०२३ चा अपघात तर प्रशिक्षणाच्याच उड्डाणात झाला. नव्या विमानतळाची ओळख करून देण्यासाठी प्रशिक्षक कॅप्टन दुसऱ्या कॅप्टनसोबत होते. धावपट्टीची दिशा बदलून घेतल्याने अखेरचे वळण आखूड झाले होते. पंखांचे फ्लॅप खाली घेण्याची सूचना आली आणि फ्लॅपच्या दांड्याऐवजी त्याशेजारील दोन्ही कंडिशन लिव्हर मागे ओढले गेले. दोन्ही पंखे फेदर झाले. इंजिने चालू होती, पण विमानाला ओढणारे काही उरले नाही. विमानातील सर्व ७२ जणांचा मृत्यू झाला. जेट विमानात अशी चूक संभवतच नाही, कारण तिथे फेदर करावयाचा पंखाच नसतो.

सिम्युलेटरवरील परीक्षा उत्तीर्ण झाली, तरी कम अनुभवी वैमानिकाला प्रत्यक्ष रिकाम्या विमानावर ठरावीक वेळा उड्डाण व अवतरण करून दाखवावे लागते. मग प्रवाशांसह, परंतु प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली उड्डाणे सुरू होतात. या काळात बारीकसारीक व्यवहारही शिकावे लागतात. उदाहरणार्थ, एटीआरच्या उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून स्थिर ठेवता येतो आणि इंजिन मात्र चालू राहून विमानाला वीज व हवा पुरविते. डाव्या बाजूच्या मागील दाराने चढणाऱ्या प्रवाशांना आवाज येतो, पण पंखा फिरताना दिसत नाही, तो यामुळे. वैमानिकी परिभाषेत याला 'हॉटेल मोड' असे गमतीशीर नाव आहे.

देखरेखीचा काळ संपला की सहवैमानिकाचे आसन मिळते. कॅप्टन होण्यासाठी आवश्यक असलेल्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याला किमान १,५०० तास आणि २१ वर्षे वय लागते; त्यानंतर कंपनीचे कॅप्टनपदाचे प्रशिक्षण वेगळे. दर सहा महिन्यांनी दोघांनाही, अनुभव कितीही असो, सिम्युलेटरवर चाचणी द्यावी लागते आणि तीत इंजिन बंद पडण्याचा प्रसंग ठेवलेला असतोच. मधल्या काळात जेट विमानांकडे वळलेल्यांना नव्या विमानाचे टाइप रेटिंग पुन्हा वर्गापासून सुरू करावे लागते.