तीर्थ, पटकी आणि जंतूचा वैरी



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या पुस्तकात कोणी वीणेकऱ्यांविषयी लिहिलं आहे, कोणी मुक्कामांविषयी. मंडळी मला म्हणाली, बुवा, तुम्ही जुना काही इतिहास लिहा. माझं शिक्षण चौथी. भातशेती आणि कीर्तन एवढंच मला येतं. पण पाण्याविषयी लिहायचं फार दिवस मनात होतं. आपली दिंडी चालली ती नामाच्या बळावर आणि वाटेवरच्या पाण्यावर. त्या पाण्यानं तारलं पण, आणि मारलं पण.

आमची आजी पटकीचं नाव घेत नसे. "ती बाय" एवढंच म्हणे. पटकी म्हणजे कॉलरा. १८१७ साली बंगालातून तिची मोठी साथ सुटली आणि दुसऱ्या वर्षी मुंबईपर्यंत आली. पुढं शंभर-सव्वाशे वर्षं जिथं जत्रा तिथं तिची धास्ती. पंढरीही त्यातून सुटली नाही. सकाळी पखवाज वाजवणारा माणूस संध्याकाळी नाही, असं जुने लोक सांगत. पुढं वारीच्या वाटेवर सुई टोचायला लागले. सुईच्या भीतीनं लोक शेताच्या बांधानं पळत, हे मी वडिलांच्या तोंडून ऐकलं आहे.

१८८४ साली कोख नावाच्या जर्मन डॉक्टरनं कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला. हा जंतू माणसाच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. म्हणजे देवीचा कोप नव्हे, विहिरीच्या काठची घाण.

आता गंमत ऐका. आग्र्याला हँकिन नावाचे सरकारी तपासनीस होते. १८९६ साली त्यांनी लिहून ठेवलं, की गंगा-यमुनेचं न उकळलेलं पाणी गाळून त्यात पटकीचे जंतू सोडले तर ते तीन तासांच्या आत मरतात. तेच पाणी उकळलं तर हा गुण जातो. कारण त्यांना नीट उमगलं नाही. पुढं १९१५ साली इंग्लंडात ट्वॉर्ट आणि १९१७ साली पॅरिसात द'हेरेल यांना जंतूला खाणारा जंतू सापडला. द'हेरेलनं त्याला नाव दिलं बॅक्टेरियोफाज. हँकिनना दिसलं ते हेच असावं, असं पुष्कळ जण मानतात. काही जणांना ते पटत नाही.

माझी पुतणी पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिनं मला शेतकऱ्याच्या भाषेत समजावलं. म्हणाली, "काका, भाताची अळी वालावर जाते का? तसंच हे. एक फाज एका जातीच्याच जंतूला धरतो. त्याच्या पोटात शिरतो, तिथं आपली पिल्लं करतो आणि त्याला फोडून बाहेर येतो. माणसाला तो काही करत नाही."

१९२७ साली द'हेरेल आपल्या देशात आले. पंजाबात गावच्या विहिरींत हे फाज टाकून पटकी थांबते का, ते त्यांनी पाहिलं. नंतर आसामातही बरीच वर्षं प्रयोग चालले. सगळ्यांना पटेल असा पुरावा मिळाला नाही. पुढं क्लोरीन आलं, मीठ-साखरेचं पाणी आलं आणि फाज मागं पडला.

इथं माझी चूक सांगतो. हँकिनची गोष्ट मी अर्धीच ऐकली होती. वीसेक वर्षांपूर्वी एका मुक्कामी आपल्या टँकरमध्ये टीसीएल पावडर टाकायची होती. मी कीर्तनात बोलून गेलो, वारीच्या पाण्याला औषध कशाला, हे तर तीर्थच. पावडरीच्या वासाला लोक कंटाळलेलेच होते, सगळ्यांनी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी नऊ जणांना जुलाब लागले. गावच्या एका म्हाताऱ्या माऊलीला जीपनं परत पाठवावं लागलं. ती उठली नाही. तिच्या तुळशीवृंदावनापुढून जाताना आजही माझी मान खाली जाते.

पुतणीला मी विचारलं, "पाण्यात जंतूचा वैरी असतो, मग पाणी आपोआप शुद्ध नाही का होत?" ती म्हणाली, "उलट आहे, काका. भक्ष्य नसेल तिथं खाणारा कसा वाढेल? आतड्यातल्या जंतूंचा फाज पाण्यात सापडला, म्हणजे आतड्यातली घाण तिथं पोचली. तो राखणदार नव्हे, साक्षीदार."

तपासणीही सोपी आहे. काचेच्या थाळीत आतड्यातल्या ई-कोलाय जंतूंचं दाट पीक घेतात आणि त्यात तपासायचं पाणी मिसळतात. फाज असला तर दुसऱ्या दिवशी पिकात गोल मोकळे चट्टे दिसतात, रोग पडलेल्या खाचरासारखे. चट्टे मोजायचे.

तुम्ही म्हणाल, ई-कोलायच शोधावेत, फाज कशाला? त्याला दिल्लीची गोष्ट आहे. १९५५ च्या पुरानंतर यमुनेनं पात्र बदललं आणि नाल्याची घाण शहराच्या पाणी उपशापाशी आली. तिथल्या लोकांनी क्लोरीन वाढवलं. विषमज्वर वाढला नाही, पण २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली. जंतू मेले, काविळीचा विषाणू जगला. फाजही विषाणूच. कितीतरी जंतूंपेक्षा तो क्लोरीनला चिवट. म्हणून तो पाण्यात टिकला असेल, तर काविळीचा विषाणूही टिकला असेल असा संशय धरतात. आपल्या देशाच्या २०१२ सालच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात १०० मिलीलिटर पाण्यात ई-कोलाय नसावा आणि एक लिटरमध्ये एमएस-टू नावाचा फाज नसावा, असं लिहिलं आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. हा साक्षीदार विष्ठेचीच साक्ष देतो. आपल्या तळोज्यात कारखाने आले तशी कासाडी नदी नासली. २०१७ साली निळे झालेले कुत्रे सगळ्या देशानं पाहिले. रंग-रसायनांचं फाज काही सांगत नाही. त्याची तपासणी वेगळी.

फाजची तपासणी मोठ्या लॅबची. दिंडीला पुरतं ते साधं आहे. टँकर भरला की टीसीएल टाका, अर्धा तास थांबा, ओटी टेस्ट करा, पाणी पिवळं झालं तरच वाटा. गढूळ पाण्यात पावडर पुरत नाही, ते आधी तुरटीनं निवळा आणि गाळा. आजारी माणसाला उकळलेलं पाणी द्या. मुक्कामी फिरत्या शौचालयातच जा, नदीकाठी बसू नका. आपण चंद्रभागेला आई म्हणतो, मग आईच्या अंगावर घाण कोण टाकतं, हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं.

मी आता कीर्तनात तीर्थाचा महिमा सांगतो, तसा पावडरीचाही सांगतो. कोणी हसतं. हसू द्या. यंदा टँकरजवळ पहिला उभा मीच असतो.

राम कृष्ण हरी.

— दिंडीचा एक सेवेकरी, तळोजा