हेलिपॅडचा दाखला

बीडला विमानतळ नाही, पण चुन्यानं काढलेला ‘एच’ जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यानं पाहिलाय. बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून गेवराई, माजलगाव, केज असा फिरलो. निवडणूक आली की हेलिपॅड माझ्या गळ्यात. मुरूम पसरून रोलर फिरवायचा, टँकरनं पाणी मारायचं; नाहीतर उतरताना एवढा फुफाटा उठतो की पायलटला जमीनच दिसत नाही. अक्षांश-रेखांश, विजेच्या तारा, झाडं, टॉवर यांची नोंद करून दाखला द्यायचा. शेजारी अग्निशमनचा बंब आणि डॉक्टरसह रुग्णवाहिका. हेलिकॉप्टरसाठी ताटकळलेली रुग्णवाहिका मी कैकदा पाहिली. रुग्णासाठी आलेलं हेलिकॉप्टर कधीच नाही.

खरं तर हेलिकॉप्टरनं माणसं वाचवण्याची सुरुवात आपल्याच मुलखातून झाली. एप्रिल 1944 मध्ये कार्टर हार्मन हा अमेरिकी वैमानिक आसामातल्या लालाघाटहून सिकोर्स्की हेलिकॉप्टर घेऊन ब्रह्मदेशात गेला आणि शत्रूच्या मुलखात अडकलेल्या चौघांना त्यानं बाहेर काढलं. यंत्राची ताकद बेताची, म्हणून एका खेपेला एकच माणूस.

नियम मात्र अपघातांच्या मागून आले. अमेरिकेत 2008 हे वर्ष रुग्णवाहू हेलिकॉप्टरांना फार घातक गेलं. अंधार, ढग, आणि रुग्ण खोळंबलाय म्हणून उडायलाच हवं, हा मनावरचा ताण. 2014 मध्ये तिथं उड्डाणाआधी जोखीम तपासणं आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र बसवणं सक्तीचं करणारा नियम आला. आपल्याकडे ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर सेवा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. 17 मे 2025 ला केदारनाथला रुग्ण आणायला गेलेलं तेच हेलिकॉप्टर उतरताना आपटलं, शेपूट तुटलं. आतली माणसं वाचली.

त्याच्या आधी, 25 मे 2017 ला, शेजारच्या निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडताच तारांत अडकून कोसळलं. सगळे बचावले. त्यानंतर दाखल्यातल्या ‘तारा’ या रकान्यासमोर सही करताना माझा हात थबकायचा.

आमच्याकडे ऊसतोडीच्या ट्रॅक्टरला मोटारसायकल धडकते ती बहुधा रात्री. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे. पण डोक्याला मार असेल तर बीडहून संभाजीनगर सव्वाशे किलोमीटर. नजरेच्या भरवशावरचं उड्डाण अंधारात बंद, आणि ते योग्यच आहे. दिवे नसलेल्या शेतात, न तपासलेल्या तारांमध्ये पायलटला उतरवणं म्हणजे एका जखमीपायी आणखी चौघांचा जीव टांगणीला लावणं.

म्हणून हेलिकॉप्टर कधी येणार, हे मी आधी विचारत नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी दिवे, कुंपण आणि वाऱ्याची पिशवी असलेली पक्की जागा हवी, आणि तिच्या तारा-झाडांचा दाखला मंत्र्यांच्या दौऱ्याची वाट न बघता दर सहा महिन्यांनी नवा व्हायला हवा. दाखल्यासाठी हेलिकॉप्टर लागत नाही. एक शाखा अभियंता, एक टेप आणि खरी सही पुरते.