सूत, मत आणि हिशेब



मराठीचा निवृत्त प्राध्यापक संगणकाविषयी काय सांगणार, अशी शंका आपणांस येणे स्वाभाविक आहे. मी यंत्राविषयी नव्हे, संस्थांविषयी बोलणार आहे. स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारी संस्था स्वतः कोणाला उत्तरदायी असते, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या सभासदाला किमान 50 माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या 95 सभासदांमागे सुमारे 6000 लोकांचा कौल होता. सरकारला जाब विचारण्यापूर्वी आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे सभेने कागदावर सिद्ध केले होते. पुढे 1895 साली टिळकपक्षाचे तेथे बहुमत झाले आणि रानडे-गोखले प्रभृतींनी 1896 मध्ये डेक्कन सभा काढली. मतदानाने सलोखा साधतोच असे नाही. मात्र सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, हे सर्वांना दिसते.

दुसरे उदाहरण आपल्या अनगोळच्या शेजारचे. डिसेंबर 1924 मध्ये टिळकवाडीत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. सभासदत्वासाठी दरमहा 2000 वार सूत देण्याचा नियम तेथे मान्य झाला. श्रमाने हक्क मिळवावा, ही त्यामागील भूमिका. नियम अनेकांना जाचक वाटला. 1925 मध्ये चार आण्यांचा पर्याय पुन्हा खुला झाला. नियम चुकू शकतो. तो बदलण्याची वाट मोकळी असावी लागते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. संगणकाची आज्ञावली कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता यावी, यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये अमेरिकेत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. वर्गणीदार पुष्कळ मिळाले. संचालक निवडण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. वादग्रस्त विधानांनंतर स्टॉलमन यांनी सप्टेंबर 2019 मध्ये संचालकपद सोडले. मार्च 2021 मध्ये आपण संचालक मंडळावर परतल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले. त्यांचे चाहते आणि टीकाकार, दोघांनाही तो निर्णय आयताच कळला.

याउलट डेबियन या प्रकल्पाने 1998 मध्येच लिखित घटना स्वीकारली. तेथे काम करणारे सदस्य दरवर्षी आपला प्रमुख निवडतात आणि त्याचा निर्णय मतदानाने फिरवूही शकतात. 1924 च्या सुताशी याचे नाते आपल्या ध्यानी येईलच. स्टॉलमन प्रकरणीही डेबियनने 2021 मध्ये मतदान घेतले आणि जाहीर भूमिका न घेण्याचा कौल मिळाला. तेथे मौनसुद्धा मतदानाने पाळले गेले.

मित्रहो, हे मी तटस्थपणे सांगत नाही. एका संस्थेच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षे होतो. वार्षिक सभा सलग तीन वर्षे भरली नाही. पदाधिकारी सज्जन होते, ध्येय उदात्त होते. म्हणून मी हिशेब मागितला नाही. संस्था क्षीण झाली, तेव्हा कोणी अपहार केला नव्हता. केवळ विचारणारे उरले नव्हते. त्या न विचारणाऱ्यांत मी होतो.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते शिक्षक होते. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खाली न बसवणे, हीच शिक्षकाची लोकशाही. आपण ज्या संस्थेवर प्रेम करता, तिच्या पुढच्या सभेला जा आणि हिशेब मागा.