बोर्डीच्या अंगणातून मांजर्लीपर्यंत

बदलापूर स्थानकाच्या पश्चिमेचे मांजर्ली हे जुने गाव आता कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत सामावले आहे आणि भोवती इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा वस्तीत पोर तीन वर्षांचे झाले की आईबापांपुढे दोन वाटा असतात: सरकारी अंगणवाडी, नाहीतर खासगी नर्सरी. या वाटा वेगळ्या कशा झाल्या, याचा माग काढायला बोर्डीला जावे लागते. डहाणू तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत मांजर्लीच्याच ठाणे जिल्ह्यात होते.

ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या, तेव्हा बालशिक्षणात त्यांचे नाव झालेले होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर काम, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ, 1936 मध्ये दादरचे शिशुविहार. पण माँटेसोरीची साधने महाग आणि बालमंदिरात येणारी मुले बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरांतली. खेड्यात हे कसे चालायचे? बोर्डीत अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली आणि कुणाच्या तरी अंगणात मांडली. तीच अंगणवाडी. शिंपले, बिया, काड्या, माती ही साधने झाली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे हाही अभ्यासक्रमच. 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शिक्षक त्यांच्या मागोमाग कुरणात जाऊ लागले. तीच कुरणशाळा. धाकटे भावंड सांभाळायचे म्हणून थोरल्या बहिणीची शाळा बुडू नये, यासाठी तिथल्या विकासवाडी प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या. इतकी साधी गोष्ट सरकारी योजनांना अजून नीट जमलेली नाही.

सरकार तोवर लांबूनच मदत करत होते. 1944 च्या सार्जंट अहवालाने शिशुशाळांत दहा लाख जागांची शिफारस केली होती, ती कागदावरच राहिली. 1953 च्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाकडून बालवाड्यांना अनुदान मिळू लागले. कोठारी आयोगाने मात्र हे क्षेत्र मुख्यतः खासगी प्रयत्नांवर सोडले.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातले धारणी आणि मुंबईतली धारावी यांपासून आरंभ झाला. अंगणवाडी हे नाव देशभर गेले. ताराबाई दोन वर्षे आधीच, 1973 मध्ये वारल्या होत्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरोदर व स्तनदा मातांची नोंद आणि पूर्वशालेय शिक्षण अशी कामे एकाच बाईच्या गळ्यात पडली. सेविका मॅट्रिक असेल तर मानधन तेव्हा महिना 150 रुपये, नसेल तर 100. कुपोषणाची निकड खरीच होती, त्यामुळे वजनकाटा आणि खिचडीला अग्रक्रम मिळाला. गाणी-गोष्टी मात्र वेळ उरला तर. कोसबादच्या कल्पनेचा अर्धा भाग असा मागे पडला, हा दोष सेविकांचा नव्हे.

न्यायालयांनी योजनेला बळ दिले. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने चौदा लाख अंगणवाड्यांचे उद्दिष्ट घातले आणि चाळीस मुले असलेल्या वस्तीला अंगणवाडी मागण्याचा हक्क दिला. एप्रिल 2022 मध्ये सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निकालही आला. तरी डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना मानधनवाढ, पेन्शन, ग्रॅच्युइटीसाठी बेमुदत संपावर जावेच लागले.

शहरात अडचण आणखी वेगळी. ग्रामीण आणि आदिवासी प्रकल्प जिल्हा परिषदेकडे, शहरी प्रकल्प थेट योजनेच्या राज्य आयुक्तालयाकडे. गावात समाजमंदिर किंवा शाळेची खोली मिळते. शहरात भाड्याची खोली शोधायची, तीही सरकारी भाड्यात. इमारतीत अंगण कुठले? ज्यांना पोषण आहाराची गरज वाटत नाही, त्यांनी इंग्रजी नाव आणि गणवेश असलेली नर्सरी निवडली. तिथे सरकारची नजर फारशी पोचतच नव्हती. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी शासन व्यवस्था करू शकते, पण ती करण्याचे बंधन त्यावर नाही.

ही पोकळी सगळ्यांना दिसली ती बदलापुरातच. तिथल्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर झालेल्या अत्याचारानंतर 20 ऑगस्ट 2024 ला संतप्त लोक रुळांवर उतरले आणि कर्जत मार्गावरची वाहतूक तासन्‌तास ठप्प झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेतल्या सुरक्षेबरोबरच, इतक्या लहान मुलांच्या वर्गांवर देखरेख कोणाची, हा प्रश्नही मग टाळता येईना. 2025 मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक वर्गांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितले: व्यवस्थापन कोणाचे, मुले किती, कर्मचारी कोण, सुविधा कोणत्या. अंगणवाडी सेविका मुलांची माहिती मात्र वर्षानुवर्षे आपल्या नोंदवह्यांत भरत आल्या आहेत.