सापाचा फोटो: फ्लॅश किती, एडिटिंग किती?

हुबळी-धारवाडकडे पावसाळ्यात रात्री साप दिसला की आधी मोबाइल निघतो. पण सापाला पापण्या नसतात, फ्लॅश पडला तरी त्याला डोळा मिटता येत नाही. म्हणून जवळून लागोपाठ फ्लॅश मारू नका.

थेट फ्लॅशने मण्यारच्या चकचकीत अंगावरचे पांढरे पट्टे दिसेनासे होतात. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांतला मुख्य फरक तिथेच आहे: मण्यारचे पट्टे शेपटीकडे ठळक, कवड्याचे मानेकडे. फिल्टरने रंग बदलला की ओळख चुकलीच. थोडा उजेड वाढवा, पण मूळ फोटो जपून ठेवा.

फोटोसाठी विनापरवाना साप पकडणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. दंश झालाच तर फोटोच्या नादी लागू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा.